आजीच्या 1974 च्या वाटपाच्या दाव्याची नक्कल : पाच महिन्यांच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. कोकणातल्या आमच्या घराच्या वरच्या बाजूला काजूची जमीन आहे, सामायिक. चुलत घराण्याने विक्रीचं बोलणं सुरू केलं म्हणून सातबारा काढला तर त्यावर आजीचं नावच नाही आणि बाबांचंही नाही. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आजीचं नाव आहे, त्याची झेरॉक्स घरात आहे, पण मधे कधीतरी सातबारा नव्याने लिहिला गेला तेव्हा नाव सुटलं. तहसीलला विचारलं तर म्हणाले जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली चूक दुरुस्तीचा अर्ज करा, पण नाव मुळात कशावरून लागलं होतं तो कागद जोडा.

तो कागद म्हणजे आजीने कोर्टातून मिळवलेला हुकूमनामा. आजोबा लवकर गेले आणि दिरांनी हिस्सा नाकारला तेव्हा आजीने दावा लावला आणि ती जिंकली, एवढंच घरात सगळ्यांना माहिती. हुकूमनामा ट्रंकेत होता, ट्रंक वाळवीने खाल्ली. तेव्हा आता कोर्टातूनच नक्कल, म्हणजे शिक्का-सहीची प्रमाणित प्रत, काढायची. ज्यांना हेच काम करायचंय त्यांच्यासाठी जसं होईल तसं लिहून ठेवतोय.

आज संध्याकाळी ई-कोर्ट्सच्या साइटवर बसलो. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं, मग पक्षकाराच्या नावाने शोध, वर्ष टाका, निकाली केसेस निवडा, कॅप्चा टाका. काहीच नाही आलं.

13 जानेवारी

परत तेच. आजीचं सासरचं नाव, माहेरचं नाव, आडनावाची तीन स्पेलिंगं, वर्ष 1972 पासून 1980 पर्यंत एकेक करून टाकलं. साडेतीन तास गेले. मग ऑफिसमधल्या एका वकील मित्राने सांगितलं की कोर्टं कॉम्प्युटरवर आली तीच मुळात 2007 नंतर हळूहळू, त्याआधी निकाली निघालेला दावा तिथे सापडणं म्हणजे नशीब. तुमची केस गेल्या पंधराएक वर्षांतली असेल तर मात्र तिथूनच सुरू करा, सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळाला की अर्धं काम झालं. फक्त तिथून डाउनलोड केलेला आदेश ही नक्कल नव्हे, वाचायला ठीक, तहसीलला चालत नाही.

20 जानेवारी

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, रजिस्टर पोस्टाने, तालुका कोर्टाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. लिहिलं की आजीच्या नावे अमुक गावच्या जमिनीबाबत 1970 ते 80 मधल्या सर्व दाव्यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात.

8 फेब्रुवारी, शनिवार

माहिती अधिकाराचं उत्तर यायचंच होतं, तोवर स्वतः जाऊन बघू म्हणून कोकणकन्याने रात्रभर प्रवास करून सकाळी तालुक्याला पोचलो, कोर्टाचं गेट बंद. दुसरा शनिवार. कोर्टं दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, हे मला माहिती असायला हवं होतं. जाऊन येऊन सतराशे रुपये आणि दोन रात्री गेल्या. शनिवारी जायचंच असेल तर पहिला किंवा तिसरा बघून जा आणि शक्यतो सोमवार टाळा, गर्दी फार असते.

19 फेब्रुवारी

माहिती अधिकाराचं उत्तर आलं, एका पानाचं. न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नक्कल विभागात अर्ज करून मिळतील, सबब अर्ज निकाली. मित्राला दाखवलं तर म्हणाला बरोबर आहे त्यांचं, सुप्रीम कोर्टाने मार्च 2020 मधे गुजरातच्या एका प्रकरणात हेच ठरवलंय की कोर्टाचे स्वतःचे नक्कल देण्याचे नियम असतील तर त्याच वाटेने जायचं, माहिती अधिकार त्यासाठी नाही. पूर्ण महिना गेला. कोणी तुम्हाला आरटीआय टाक म्हणालं तर कोर्टाच्या कागदासाठी टाकू नका.

25 फेब्रुवारी, मंगळवार

आज कोर्ट चालू होतं. नक्कल विभागाच्या खिडकीवर गेलो, बाईंनी विचारलं, "दावा नंबर?" म्हटलं नंबर माहिती नाही, नाव माहिती आहे. "निकालाची तारीख?" तीही नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, नंबर आणि वर्ष आणा, मग बघू. आतमध्ये हजारो गठ्ठे आहेत, नावावरून कोण शोधणार."

तेव्हा राग आला होता पण त्यांचं चुकीचं नव्हतं. कोर्टात सगळं नंबरावर चालतं.

बाहेर आंब्याखाली टायपिंगवाले बसतात तिथे एकजण मागे लागला, पाच हजार द्या, आठ दिवसात काढून देतो. दिले नाहीत. पुढे जे कळलं त्यावरून सांगतो की नंबर नसताना तोही काही करू शकला नसता, आणि नंबर असला की त्याची गरज नाही.

14 ते 16 मार्च

शिमग्याला गावी. पालखी घरी येऊन गेल्यावर माणसं ओटीवर बसली होती तेव्हा विषय काढला. बाबांच्या चुलत आत्या, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी कामाचं सांगितलं. दावा जिंकल्यावर तलाठी घरी आला होता आणि आजीने त्याला "बुकात माझा नाव घाल" म्हणून बजावलं होतं. म्हणजे फेरफार, महसूलच्या वहीत जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, झाला असणार. आणि फेरफारात कशावरून नोंद केली ते लिहावंच लागतं. हे डोक्यात आधी का आलं नाही याची हळहळ वाटली, कारण दोन महिने मी कोर्टाच्या दारात कोर्टाचा नंबर शोधत होतो आणि तो महसूलच्या वहीत होता.

17 मार्च, सोमवार

महाभूमीच्या आपले अभिलेख साइटवर जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत, आमच्या गावाचे 1980 नंतरचे काही दिसत होते पण हवं ते पान इतकं फिकट की वाचता येईना. मग सरळ तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून मूळ नमुना 6 ची वही, म्हणजे फेरफारांची नोंदवही, बघितली. सर्व्हे नंबर माहिती होता म्हणून जुन्या सातबाऱ्यावरच्या फेरफार नंबराच्या गोलावरून मागे मागे जात पोचलो. जुन्या सातबाऱ्यावर नावाच्या बाजूला कंसात किंवा गोलात जो आकडा असतो तो फेरफार नंबर, तो धरून चाला.

नोंद अशी : "रे.मु.नं. 1?8/74 चे हुकूमनाम्यावरून हिस्सा 1/3 स नाव दाखल." मधला आकडा 1 की 4, शाई पसरलेली. मोबाईलच्या टॉर्चने, भिंगाने, सगळं करून बघितलं. 118 किंवा 148.

रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर. आजच्या भाषेत आरसीएस, रेग्युलर सिव्हिल सूट. हे माहिती असू द्या, कारण पुढे कोर्टाच्या खिडकीवरच्या नव्या मुलाला रे.मु. म्हटल्यावर कळलं नाही, आरसीएस म्हटल्यावर लगेच कळलं.

7 एप्रिल, सोमवार

परत तालुका कोर्ट. यावेळी दोन नंबर आणि एक वर्ष हातात. नक्कल विभागाने सांगितलं आधी शोधाचा अर्ज करा, तिकीट लावा, रजिस्टर काढून बघतो. दुपारी सव्वातीनला शिपाई काकांनी 1974 ची दावा नोंदवही आणली. जाड पुठ्ठा, कण्याला कापडी पट्टी, पानं इतकी कडक झालेली की उलटताना कडा तुटत होत्या, म्हणून ते दोन्ही तळहातांवर पान घेऊन उलटत होते.

118 दुसऱ्याच गावचा भाडेकरूचा दावा निघाला. 148 आमचा.

वादी 1, आजीचं नाव, पुढे "भ्र." आणि आजोबांचं नाव. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. जुन्या कागदांत बाईचं नाव असंच असतं, भ्र. किंवा कोम लावून, आणि पुरुषाला बिन, म्हणजे अमक्याचा मुलगा. नावाने शोधायची वेळ आलीच तर हे लक्षात ठेवा, आपण ज्या क्रमाने नाव लिहितो त्या क्रमाने ते तिथे नसतं.

त्याखाली वादी 2. बाबांचं नाव. "अज्ञान, अ.पा.क. आई वादी नं. 1." म्हणजे अज्ञान (अल्पवयीन), अज्ञान पालनकर्ती आई. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. आम्हाला कुणालाच माहिती नव्हतं की ते स्वतः त्या दाव्यात वादी आहेत. तिथूनच फोन केला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माका आठवता ती कोर्टाभायरची कांदाभजी. आणि आयेन हात घट्ट धरलेल्यान."

यातून कामाची गोष्ट अशी की मी माझ्या नावाने अर्ज लिहून नेला होता, नातू म्हणून, सोबत आजीचा मृत्यू दाखला, बाबांचं आधार, शपथपत्र, सगळं बाड. त्याची गरजच उरली नाही. पक्षकार स्वतः हयात आहे, त्याला नक्कल मागायला कसलं कारण सांगावं लागत नाही. बाहेरच्या माणसाला लागतं. म्हणून घरातल्या कुणाचं नाव लहानपणी दाव्यात घातलं होतं का ते जरूर तपासा.

रजिस्टरच्या उजवीकडच्या रकान्यांत निकाल 23 मार्च 1979, आणि पुढे अपील, रे.सि.अ. (रेग्युलर सिव्हिल अपील) 61/79, रत्नागिरी. शेवटी पेन्सिलने "आर अँड पी अपिलात". म्हणजे दाव्याचा गठ्ठाच वर पाठवलेला. रेकॉर्ड कीपर म्हणाले इथे तो नसेल, रत्नागिरीला बघा.

21 एप्रिल, सोमवार

रत्नागिरी. आमचा तालुका आज सिंधुदुर्गात आहे पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो 1 मे 1981 ला, त्याआधी सगळं रत्नागिरीच. मी आधी ओरोसला, सिंधुदुर्गच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, जायचं ठरवत होतो, तो हेलपाटा मित्रामुळे वाचला. जालना, लातूर, गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, हिंगोली, गोंदिया, पालघर अशा नंतर झालेल्या जिल्ह्यांतल्या लोकांनी हे आधी बघावं : तुमची केस निकाली निघाली त्या दिवशी तुमचा तालुका कुठल्या जिल्ह्यात होता.

इथे काम भराभर झालं. अपिलाचा नंबर होता, बाबांच्या सहीचा अर्ज होता. अपील 17 फेब्रुवारी 1981 ला नामंजूर झालेलं. रेकॉर्डवाल्या साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला कुठेच कळल्या नसत्या.

एक, अपील झालं असेल तर खालचा हुकूमनामा एकटा पुरत नाही, वरच्या कोर्टाचा निकाल आणि हुकूमनामाही जोडा, नाहीतर तहसीलदार विचारणार अपिलाचं काय झालं. लगेच तिथेच अर्ज करून टाकला.

दोन, खालच्या कोर्टाचा गठ्ठा अपील संपल्यावर परत पाठवतात, आणि परत पाठवल्याची जावक नोंद असते. त्यांनी ती काढून दिली, जून 1981 ची. आणि म्हणाले, "तिकडे जाऊन 1974 च्या रॅकमधे शोधू नका. निकाली गठ्ठे निकालाच्या महिन्या-वर्षाने लावतात, दाखल वर्षाने नाही. त्यातून हा अपिलातून परत आलेला, 79 मधे नसला तर 81 मधे बघायला सांगा."

या एका वाक्याने माझे पुढचे कितीतरी दिवस वाचले असतील.

28 एप्रिल, सोमवार

बाबांना घेऊन गेलो. 1979 च्या मार्चमधे नाही. 1981 च्या जूनमधे सापडला, जावक नंबर सांगितल्यावर वीस मिनिटांत. लाल फडक्यात बांधलेला, वर नंबराची चिठ्ठी.

गठ्ठा अपेक्षेपेक्षा खूप बारीक होता. विचारलं तर कळलं की दाव्याचे कागद अ, ब, क, ड अशा फायलींत विभागतात, महत्त्वाचं कायम ठेवतात आणि बाकीचं मुदत संपली की नष्ट करतात. दावा अर्ज होता, निकालपत्र होतं, हुकूमनामा होता. साक्षीचे कागद नव्हते. आजीची साक्ष वाचायला मिळेल असं मला फार वाटत होतं. ती गेली. ज्यांच्या केसेस वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आहेत त्यांनी साक्षी, कैफियत (प्रतिवादीचं लेखी म्हणणं), निशाण्या (पुराव्यात दाखल कागद) यांच्या नकला आत्ताच काढून ठेवा, गरज पडेल तेव्हा बघू म्हणू नका.

दावा अर्ज मराठीत, हाताने, जाड निळ्या शाईत. पहिल्याच पानावर वंशावळ, पणजोबांच्या वडलांपासून. शेवटच्या पानावर तळाशी आजीचा अंगठा, बाजूला लिहिणाऱ्याने "नि.डा.हा.अं." म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती, जिथे शाई लागलीच नाही. बाबांनी एकदम ओळखली. कोयत्याने कापलेलं होतं तिचं, भारा बांधताना, ती खूण शेवटपर्यंत होती. बाबांनी त्या कागदाला हात लावला नाही, नुसते वाकून बघत राहिले आणि रेकॉर्ड कीपरनेही घाई केली नाही.

मग नक्कल अर्ज. छापील फॉर्म मिळतो, त्यात दावा नंबर, पक्षकार, निकालाची तारीख, कुठल्या कागदाची नक्कल पाहिजे ते. मी लिहिलं "दावा अर्ज व निकालाची नक्कल." तिकीट लावलं, अंदाजे फी भरली. तारीख मिळाली 6 मे.

6 मे, मंगळवार

नक्कल मिळाली आणि चूक कळली. निकालपत्र मिळालं, हुकूमनामा नाही. हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्र म्हणजे न्यायाधीशांनी कारणं देऊन लिहिलेला निकाल, आमचा तर इंग्रजीत टाइप केलेला अकरा पानांचा. हुकूमनामा म्हणजे त्यावरून काढलेला दोन-तीन पानांचा आदेश, कुणाला किती हिस्सा, कुठली मिळकत, खर्च कुणी द्यायचा. तहसीलला मुख्य लागतो तो हाच. मी अर्जात "निकाल" लिहिलं, त्यांनी निकाल दिला.

अर्जात असं लिहा : निकालपत्र, हुकूमनामा आणि मिळकतीचं परिशिष्ट, तिन्ही स्वतंत्रपणे नाव घालून.

लगेच दुसरा अर्ज केला पण उन्हाळी सुट्टी तोंडावर, काम सुट्टीनंतरच होणार असं सांगितलं. म्हणजे एका शब्दापायी सहा आठवडे गेले. बाबा काही बोलले नाहीत, पण येताना एसटीत मला फार वाईट वाटत होतं, साठीतल्या माणसाला मे महिन्याच्या उन्हात आणलं आणि अर्धवट कागद घेऊन परत नेतोय.

रत्नागिरीच्या नकला मात्र पोचल्या होत्या, तिथे अर्जात दोन्ही नावं साहेबांनी सांगून लिहून घेतली होती.

11 मे

सुट्टीत बसून निकालपत्र वाचलं, डिक्शनरी घेऊन. साक्ष नष्ट झाली तरी निकालात तिचा गोषवारा आहे हे तेव्हा कळलं. वादी नं. 1 सांगते की तिचे पती वारल्यावर दोन वर्षं तिला भाताचा वाटा दिला, तिसऱ्या वर्षी खळ्यावरून परत पाठवलं. दिरांच्या वकिलाने उलटतपासात विचारलं की घरखर्च कोण करत होतं, तर तिने सांगितलं मी स्वतः, दुसऱ्यांच्या बागेत काजू गोळा करून. न्यायाधीशांनी पुढे लिहिलंय की उलटतपासात ती डगमगली नाही. हे तीनदा वाचलं.

अजून एक काम केलं, क्षेत्र जुळवून पाहिलं. निकालात एकर-गुंठे, आजच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. आमची जमीन तिथे 1 एकर 12 गुंठे लिहिलीय, म्हणजे 52 गुंठे, एक गुंठा साधारण 1.01 आर, म्हणजे 0-52-6 च्या आसपास यायला हवं. सातबाऱ्यावर 0-52-0 आहे. जुळतं म्हणायला हरकत नाही. जुळत नसेल तर तहसीलला जायच्या आधी मोजणीचे कागद बघा. कोकणात बऱ्याच गावांत सर्व्हे-हिस्सा नंबर तसेच राहिलेत म्हणून आम्हाला सोपं गेलं, घाटावर जमिनींच्या एकत्रीकरणात नवे गट नंबर पडलेत, तिथे जुना सर्व्हे आणि नवा गट यांचा जुळणीचा उतारा वेगळा काढावा लागतो.

17 जून, मंगळवार

हुकूमनामा मिळाला. खिडकीवरच एकेक पान तपासलं, प्रत्येक पानावर शिक्का आहे का, शेवटी "खरी नक्कल" आणि सही आहे का, परिशिष्टाचं पान आलंय का. मागच्या बाजूच्या शिक्क्यात तारखा भरलेल्या असतात, अर्ज कधी केला, फी कधी भरली, नक्कल तयार कधी, दिली कधी. आम्हाला त्यांचा उपयोग नाही, पण ज्यांना ताज्या निकालावर अपील करायचंय त्यांची मुदत मोजताना नकलेत गेलेले दिवस यावरूनच वजा होतात, तो शिक्का रिकामा असेल तर भरून घ्या.

सगळ्या नकलांना मिळून, दोन्ही कोर्टांत, चारशेच्या आतबाहेर लागले. प्रवासाला मात्र साडेनऊ हजार गेले, त्यातले निम्मे माझ्या चुकांचे. दर बदलतात, खिडकीजवळ फलक असतो.

मूळ नक्कल कुठेही द्यायची नाही असं ठरवलं. अजून एक संच मागितलाय तहसीलसाठी. हा घरी राहील, प्लॅस्टिकच्या फोल्डरमधे, ट्रंकेत नाही.

23 जून, सोमवार

155 चा अर्ज दिला. सोबत जुना सातबारा, फेरफार, दोन्ही कोर्टांचे निकाल आणि हुकूमनामे. टेबलावरच्या कारकुनांनी फेरफारावरचा पुसट आकडा बघितला, हुकूमनाम्यावरचा 148/74 बघितला, दोन्ही शेजारी ठेवून मान हलवली आणि पोच दिली. आता इतर खातेदारांना नोटिसा निघतील. पोच बाबांच्या पाकिटात आहे, मला त्यांनी फक्त फोटो काढू दिला.